पत्रावळीचा सीन

"इथं थांबव," ऋत्विज म्हणाला, आणि मी लॅपटॉपवरचं चित्र थांबवलं.

पडद्यावर एक बाई उकिडवी बसली होती. लग्नाची पंगत उठलेली, उष्ट्या पत्रावळींचा ढीग परड्यात फेकलेला. त्यातला अर्धा लाडू उचलून तिने नुकताच तोंडात घातला होता. एक घास चावून ती थांबलेली आणि थेट आपल्याकडे बघतेय. गाल फुगलेला, ओठाला बुंदीचा एक दाणा.

"ही नजर," ऋत्विज म्हणाला. "अडतीस वर्षं झाली, कुणाला जमली नाही."

हे दोन हजार नऊ सालातलं. ऋत्विज केळुसकरचा दुसरा चित्रपट सुरू होणार होता आणि मी, वैजयंती, त्याची सहायक दिग्दर्शक. वय सत्तावीस. एरंडवण्यातल्या त्याच्या ऑफिसात आम्ही आठवडाभर हा एकच सीन बघत होतो. सिनेमावाले त्याला 'पत्रावळीचा सीन' म्हणतात. भास्कर उपळेकरांनी एकाहत्तरमध्ये काढलेल्या चित्रपटातला चाळीस सेकंदांचा तुकडा. बाकीचा चित्रपट आता कुणाला आठवत नाही. हा तुकडा मात्र सगळ्यांनी उचलला. ते सगळे तुकडे एकापुढे एक जोडायचं काम ऋत्विजने मला दिलं होतं, आणि ते करताना मला किळस यायला लागली होती.

ऐंशीच्या दशकातल्या एका रडक्या चित्रपटात नायकाची आई असाच लाडू खाते आणि वर विजा कडाडतात. एका हिंदी चित्रपटात लहानपणीचा गुंड पत्रावळीवरची पुरी उचलतो आणि मोठा होऊन त्याच घराला आग लावतो. एका विनोदी चित्रपटात एक जाडा नट साडी नेसून पत्रावळी चाटतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि ढेकर देतो. ह्याला थिएटरात सगळ्यात मोठा हशा मिळाला होता. सिनेमा शिकणारी मुलं सरावासाठी हाच सीन करायची. त्यांच्यातल्या बहुतेक मुली गोऱ्या होत्या आणि गालांना काजळी फासून बसल्या होत्या.

"मला कॉपी नाही करायची," ऋत्विज म्हणायचा. "मला तो पुढे न्यायचाय. पण त्यासाठी ही नजर त्यांनी कशी काढली ते कळलं पाहिजे. ही नटी कोण?"

तेच कुणाला माहीत नव्हतं. श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं. तिने पुन्हा कुठे काम केलं नव्हतं. तिच्या अभिनयावर मात्र दोन-तीन मोठे लेख होते. 'भुकेचा चेहरा' असं एकाचं नाव होतं.

उपळेकर वारले होते. पण त्यांचे कॅमेरामन, शंकरराव घोटणे, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतात असं कळलं. ऋत्विजने मला पाठवलं.

घोटणेकाका ऐंशीच्या घरातले, ताठ, स्वच्छ धोतर नेसलेले. मी नटीचं विचारलं तेव्हा ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"नटी कसली? बाई होती ती."

"म्हणजे?"

"म्हणजे बाई. गावातली. आम्ही तिथं शूटिंगला होतो. सावकाराच्या घरात लग्न निघालं, तेव्हा भास्कररावांनी एक दिवस काम बंद ठेवलं आणि म्हणाले, घोटणे, कॅमेरा माडीवर घ्या, लग्नाचं काय मिळेल ते टिपून ठेवू. लांबची लेन्स लावली होती मी. पंगत उठली, पत्रावळी टाकल्या, आणि ही बाई आली. भांडी घासायला बोलावलेली. तिने इकडं तिकडं बघितलं आणि बसली."

"तिला माहीत नव्हतं?"

"माहीत असतं तर बसली असती का, बाळ?" त्यांनी सुपारीचं खांड डबीत टाकलं. "सूर्य कलला होता. लेन्सची काच चमकली असणार. तिने वर बघितलं. ते तुम्ही नजर नजर म्हणता ना, ती नजर नव्हे. तिला आम्ही दिसलो, एवढंच. मी कॅमेरा खाली घेणार होतो. भास्करराव कानाशी म्हणाले, घोटणे, हलायचं नाही. नाही हललो."

अडकित्ता पुन्हा उचलत ते म्हणाले, "त्या शॉटसाठी मला बक्षीस मिळालं. ते मी भिंतीवर लावलं नाही. पण परत केलं असंही नाही."

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. गडहिंग्लजच्या पुढचं एक गाव आहे. मी ते इथे लिहीत नाही, आणि पुढे येणारी त्या मायलेकींची नावंही खरी नाहीत.

मी रात्रीच्या गाडीने परतून सकाळी ऋत्विजला हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो गप्प होईल. तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"वैजू, हे सोनं आहे! ती जिवंत असेल तर? तिला पहिल्यांदा आपण भेटणार!"

मला त्याचा उत्साह आवडला नाही. तरी चार दिवसांनी मी त्याच्या गाडीत बसले होते.

घर सापडायला वेळ लागला नाही. दारात एक चाळिशीची बाई तांदूळ निवडत होती. अंगणवाडी सेविकेची फिकट गुलाबी साडी, चष्मा. तिचं नाव शालन. आम्ही सिनेमाचं नाव काढताच तिने सूप खाली ठेवलं.

"त्या पिक्चरचं ह्या घरात कुणी नाव काढत न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही आला तसं जावा."

"आम्ही फक्त पाच मिनिटं—"

"पाच मिनिटंच लागली असतील तवा पण." तिचा आवाज चढला नाही. "मी सहा वर्षांची होते. जत्रंत पडदा लावून दाखवला पिक्चर. सगळं गाव बसलेलं. आईला वळखलं न्हाई असं एक माणूस न्हवतं. दुसऱ्या दिवसापासनं शाळेत माझं नाव पडलं पत्रावळी. मास्तरसुद्धा हसायचे. सातवीनंतर मी मावशीकडं इचलकरंजीला गेले, ते लग्न हुईपर्यंत आले न्हाई. आईच्या हातचं जेवले न्हाई किती तरी वर्षं. किळस यायची मला. सख्ख्या आईची. कळतंय का तुम्हाला?"

ऋत्विजने माझ्याकडे बघितलं. बायकांशी बोलायचं काम माझं असायचं. मी पुढे झाले आणि शालनच्या दंडाला हात लावून म्हणाले, "ताई, आम्ही त्याच्यासाठीच आलोय. सिनेमावाल्यांनी जे केलं त्याची आजींची माफी मागायला."

हे मी तिथल्या तिथे जुळवलं होतं. माफीचं आमचं काही ठरलं नव्हतं. पण मला माझा आवाज ऐकू आला, आणि तो इतका खरा वाटला की क्षणभर माझाच विश्वास बसला.

शालनने दारातलं सूप उचलून कडेला घेतलं. मग म्हणाली, "चपला बाहेर काढा."

आतल्या खोलीत आक्काताई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. पासष्टीच्या आसपासच्या, पण वाळून लहान झालेल्या. मी त्यांच्यात लॅपटॉपवरची नजर शोधत होते. ती कुठेच नव्हती. एक साधी, थोडी मिस्कील म्हातारी होती.

"सिनेमातली माणसं हाईत," शालन तुटकपणे म्हणाली. "माफी मागाय आल्यात म्हणं."

"कशाची?"

शालनने माझ्याकडे बोट केलं. मीच अडखळत सांगितलं. पत्रावळी, माडीवरचा कॅमेरा, न विचारता काढलेलं चित्र.

"आस्सं," त्या म्हणाल्या. वात वळून ठेवली. "तुमच्यापाशी हाय व्हय ते? मी कधी बघितलंच न्हाई."

"आई, कशाला?" शालन म्हणाली.

"बघू दे की. सगळ्या गावानं बघितलं. माझंच ऱ्हायलंय."

ऋत्विजने लगेच लॅपटॉप काढला आणि त्यांच्यापुढे पाटावर ठेवला. मग तो दाराशी जाऊन बसला, मांडीवर बॅग घेऊन. बॅगेला टेकवून त्याने मोबाईल उभा ठेवला. मला वाटलं, नुसता ठेवलाय. त्याने माझ्याकडे बघून भुवई उचलली आणि डोळ्यांनी खिडकी दाखवली. खिडकी बंद होती. खोलीत अंधार होता.

तीन वर्षं मी त्याच्याबरोबर काम करत होते. ती खूण मला चांगली माहीत होती. चेहऱ्यावर उजेड कमी पडतोय.

मी उठले आणि खिडकी उघडली. "आजी, नीट दिसेल आता," असंही म्हणाले. ऊन तिरपं आत आलं आणि आक्काताईंच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं. मोबाईलवर लाल ठिपका लुकलुकत होता. तो मला दिसला. मी माझ्या जागी येऊन बसले.

मी तो सीन सुरू केला.

आक्काताईंनी मान पुढे काढून बघितलं. स्वतःला बघून हसल्या. "काय बारीक हुते गं मी." मग बाई पत्रावळींजवळ बसली. लाडू उचलला. खाल्ला. थांबली. संपलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मधलं कापलंय की."

"काय कापलंय, आजी?" ऋत्विजने दाराशी बसूनच विचारलं. आवाज एकदम मऊ.

"पदर कुठं दावलाय माझा? पदरात चार लाडू हुते. धडके. अर्धे-मुर्धे न्हवं, बोट न लागलेले. शोधून शोधून घेतलेले." त्यांनी शालनकडे हात केला. "हिला गोवर आलेला. चार वर्साची. दोन दिस सावकाराच्या घरनं तळणीचा वास यायचा आन् ही आपली लाडू लाडू करायची. तोंडात पाणी ठरत न्हवतं आन् लाडू पायजे. आमा भांडीवाल्यांना शेवटाला वाढायची. तवर लाडू कुठला ऱ्हातोय? म्हणून घेतले."

"पण तुम्ही खाल्लात ना एक?" मी विचारलं.

"चाखून बघितला. पत्रावळी टाकल्या तिथं राखंचा ढीग हुता. रॉकेलचा डबा पण तिथंच सांडलेला. आजारी पोराला तसंच कसं घालू? म्हणून एक अर्धा चाखला. तर वर काय तरी चमाकलं. बघतेय तर माडीवर दोन बाप्ये, आन् ते यंत्र. आंग गार पडलं माझं. पदर सुटला हातातनं. सगळे लाडू राखंत." त्या शालनकडे वळल्या. "तुला काय न्हाई घावलं त्या दिवशी. तू रडून रडून निजलीस."

शालन उभीच होती. चष्मा तिने कधी काढला ते मला कळलं नाही.

"मग सांगितलं का न्हाईस मला?" ती म्हणाली. "एवढी वर्षं? मी तुझ्या ताटाला शिवत न्हवते. का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू?" आक्काताई म्हणाल्या. "मी खाल्लं म्हणून तुला किळस आली. तुला चारनार हुते म्हणून सांगितलं असतं, तर तुला तुझीच आली असती. त्यापरास माझी बरी."

शालन खाली बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं टेकवलं. आक्काताईंना काय करावं ते सुचेना. वातींचा कापूस लागलेला हात त्यांनी आधी लुगड्याला पुसला, मग लेकीच्या केसांवर ठेवला.

लाल ठिपका चालूच होता. हात पुढे करून मोबाईल पालथा घालायला मला दोन सेकंद लागले असते. मी ऋत्विजकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खरं पाणी. आणि बॅग तो इतकी स्थिर धरून होता की मांडी जरासुद्धा हलत नव्हती.

निघताना आक्काताईंनी आमच्या दोघांच्या हातांवर साखर ठेवली. "लांबनं आलासा," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटलं बगा. कुणी इचारलंच न्हवतं कधी."

माफी मागायची राहून गेली. ती आम्हा दोघांनाही आठवली नाही.

गाडी डांबरी रस्त्याला लागली तसं ऋत्विजने ते चित्रण पुन्हा लावलं. एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्या हाताने मोबाईल माझ्यापुढे धरत.

"चाखून बघत होती, वैजू! चाखून! सगळी दुनिया भूक भूक करत बसली. आपण हे करायचं. ती शोधतेय, धडके लाडू वेचतेय, चाखतेय, वर बघते, पदर सुटतो. मूळ सीनच्या दहा पट. आणि तिचे शब्द बघ, 'तुला काय न्हाई घावलं.' असं लिहून होत नाही. मी जसंच्या तसं घेणार. आवाजाची ढब नटीला ह्याच्यावरून शिकवायची."

"तू त्यांना विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर मिळालं असतं?"

"ऋत्विज, तू तेच केलंस. माडीवरून केलं होतं तेच."

"हो," तो म्हणाला. लाजला नाही, उलट चेहरा उजळला. "तोच तर मुद्दा आहे. वर्तुळ पूर्ण झालं." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "आणि खिडकी काय वाऱ्यासाठी उघडलीस?"

माझ्या तळहाताला साखर चिकटलेली होती. कागलच्या अलीकडे मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उलटी केली. तो पाण्याची बाटली घेऊन आला, पाठ चोळली, उन्हाचा त्रास झाला असेल म्हणाला. मी त्याला खरं काय ते सांगितलं नाही. इथंच आत्या राहते, तिच्याकडे थांबते, असं सांगून कागलला उतरले. भांडण करून, तोंडावर बोलून उतरले असते तर निदान आज तेवढं तरी सांगता आलं असतं.

ऋत्विजच्या चित्रपटात मी पुढे काम केलं नाही. फोन उचलणं बंद केलं, मग त्यानेच करणं बंद केलं. तरी दोन वर्षांनी चित्रपट आला तेव्हा शेवटच्या नावांत 'संशोधन' म्हणून माझं नाव होतं. ते आजही आहे. सीन फार गाजला. जुन्या सीनला दिलेली ही मानवंदना आहे, असं सगळ्यांनी लिहिलं. नटीने आक्काताईंचे शब्द त्यांच्याच ढबीत म्हटले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने रुमालात तोंड खुपसलं. आता त्या सीनवरून पुढचे लोक उचलतात. गेल्या दिवाळीत मिठाईच्या एका जाहिरातीत आई लाडू चाखून मग मुलीला भरवते. मागे बासरी वाजते. माझा हात चॅनेल बदलायला गेला आणि मी ती पूर्ण बघितली.

पण मला सांगायचं होतं ते दुसऱ्या दिवशीचं.

कागलला एका लॉजवर रात्र काढून मी सकाळच्या एसटीने परत त्या गावाला गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. ठरवलेलं प्रत्येक वाक्य काल जुळवलेल्या वाक्यासारखंच गोड वाटत होतं.

शालन परड्यात कपडे वाळत घालत होती. मला एकटीला बघून तिने ओलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि कुडाजवळ आली.

"ताई," मी म्हणाले, "काल त्याने सगळं मोबाईलवर घेतलं. तुमचं, आजींचं. तो ते सिनेमात वापरणार आहे. मला दिसत होतं. खिडकी मी त्याच्यासाठीच उघडली."

एका दमात बोलले. आता ती ओरडेल, अंगावर धावून येईल, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मला दिसलं," ती म्हणाली.

"काय?"

"मोबाईल. तुमचे सायेब आईकडं बघत न्हवते, मोबाईलकडं बघत हुते. मग मी पण बघितलं."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"आई बोलत हुती." तिने लुगडं दोरीवर टाकलं आणि कडा ओढून सरळ केली. "अडतीस वर्षांत पहिल्यांदा बोलत हुती. मी मधी तोंड घातलं असतं तर ती गप्प बसली असती, परत कधी बोलली नसती. म्हटलं, घेऊ देत काय घ्यायचं ते. मला ऐकायचं हुतं." मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट बघितलं. "माझं तसं हुतं. तुमचं काय हुतं?"

मी कुडाची काठी धरली. नोकरी, सवय, त्याने खूण केली म्हणून, असलं काही त्या कुडापाशी तोंडातून निघालं नाही.

"आजींना भेटू का?" मी विचारलं. "खरी माफी मागते. एकदाच."

"नको."

"ताई—"

"काल रात्री आई दोन भाकरी जेवली. माझ्या ताटात बसून. मला सांगत हुती, किती चांगली माणसं, एवढ्या लांबनं येऊन माझं ऐकून घेतलं. तिला तसंच वाटू दे. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तिचं एवढं काढून घेऊ नका."

ती वळली. बादलीतला शेवटचा कपडा पिळू लागली.

आतून आक्काताईंचा आवाज आला. "शालन, कोण आलंय गं?"

शालनने माझ्याकडे बघितलं नाही.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "पोलिओच्या बाई हाईत. आपल्यात ल्हान पोर न्हाई म्हणून सांगितलं."